एसीची नवी लाइन टाकताय? इंदूरमध्ये भारवाढीचा अर्ज आणि तपासणीची तयारी

उन्हाळा आला की सुदामा नगरापासून रामबागेपर्यंत घरोघरी एसी बसतात, आणि हाताने कामं करणाऱ्याला वाटतं, लाइन आपणच ओढू. कायद्याने इथे हद्द घातली आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं घरच्या माणसाला चालतं. नवी लाइन टाकणं किंवा जुनी वाढवणं हे परवानाधारक विद्युत ठेकेदाराचं काम. भारवाढीच्या अर्जासोबतचा टेस्ट रिपोर्टही (वायरिंग तपासल्याचा कागद) त्याच्याच सहीचा लागतो. म्हणून त्याला भिंत बुजवण्याआधी बोलवा. प्लास्टरमागची वायर न बघता जो सही करतो, त्याच्या सहीवर घर सोपवू नये.

आधी बिलावरचा ‘स्वीकृत भार’ पाहा, म्हणजे वीज कंपनीने तुमच्या घराला मंजूर केलेले किलोवॅट. ते वाढवून घेणं म्हणजे भारवाढ. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट घेतो, गिझर दोन. स्वीकृत भार दोनच किलोवॅट असेल तर भारवाढीचा अर्ज करावाच लागेल. स्मार्ट मीटर असेल तर तो महिन्याची कमाल मागणी नोंदवतो. ग्राहक हक्क नियमांतल्या 2023 च्या दुरुस्तीप्रमाणे, एका आर्थिक वर्षात किमान तीनदा मागणी स्वीकृत भारापेक्षा जास्त गेली, तर भार वाढवला जाऊ शकतो. आपणहून अर्ज केलेला बरा.

अर्ज ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याने करायचा. जुन्या वाड्यांत हीच अडचण येते. मीटर अजून आजोबांच्या नावावर असतं. तसं असेल तर आधी नामांतरण उरका, नंतर भारवाढ. बिलाची थकबाकी नसावी. अर्ज पश्चिम क्षेत्र वीज कंपनीच्या पोर्टलवर, ऊर्जस ॲपवर किंवा आपल्या झोन ऑफिसात करता येतो. बिलावरचा आयव्हीआरएस क्रमांक, म्हणजे तुमचा ग्राहक क्रमांक, हाताशी ठेवा. ओळखपत्र, रजिस्ट्री किंवा मालमत्ता कराची पावती, ताजं बिल आणि टेस्ट रिपोर्ट इतकी कागदपत्रं तयार ठेवावीत. भाडेकरू असाल तर घरमालकाचं संमतिपत्रही. भार वाढला की सुरक्षा निधीची जादा रक्कम भरावी लागते.

आता तपासणी. एसीची लाइन बोर्डातून वेगळी निघालेली हवी. दीड टनासाठी 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, सी टाइपची 20 अँपिअरची एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), आणि हिरवी अर्थिंगची वायर थेट अर्थबारपर्यंत, म्हणजे बोर्डातल्या अर्थिंगच्या पट्टीपर्यंत. सी टाइप यासाठी की कंप्रेसर सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढतो, आणि बी टाइप त्यावर उगाच ट्रिप होऊ शकते. मेन बोर्डात 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी हवी, म्हणजे करंट गळला की वीज तोडून शॉकपासून वाचवणारा स्विच. एसीचा न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) त्या आरसीसीबीत न येणाऱ्या दुसऱ्या सर्किटमधून उसना घेतला असेल, तर आरसीसीबी वारंवार पडते, आणि लोक वैतागून तीच काढून टाकतात. असं कधीही करू नका. चूक न्यूट्रलची असते, आरसीसीबीची नाही.

मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन मोजणारं यंत्र, लावण्याआधी एसीचा प्लग काढा. मेगरच्या 500 व्होल्टने इन्व्हर्टर एसीचं पीसीबी (आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट) जळू शकतं. वायरचं इन्सुलेशन किमान 1 मेगाओहम यायला हवं. हा आकडा आणि अर्थिंगचं माप ठेकेदाराकडून टेस्ट रिपोर्टमध्ये लिहून घ्या.

वीज कंपनीचा कर्मचारी तपासणीला येण्याआधी मीटर आणि बोर्डाजवळचं कपाट, सायकल वगैरे हलवा. प्रत्येक एमसीबीखाली मराठीत किंवा हिंदीत नाव लिहा: ‘एसी, पुढची खोली’, ‘गिझर’. सर्किटचा साधा नकाशा कागदावर काढून बोर्डाच्या दाराला आतून चिकटवा. एसीतल्या गॅसची गळती, ड्रेन पाइपचा उतार या गोष्टी एसी बसवणाऱ्याच्या जबाबदारीत येतात, त्या वीज कंपनीच्या तपासणीत शोधू नका.

अर्ज पूर्ण झाल्यावर, मेट्रो शहरांबाहेरच्या पालिका हद्दीत कनेक्शनमधला बदल 7 दिवसांत व्हावा असा केंद्राचा 2024 चा नियम आहे. उशीर झाला तर 1912 वर तक्रार नोंदवून क्रमांक लिहून ठेवा. काम झाल्यावर पुढच्या बिलावर नवा स्वीकृत भार छापला गेला का ते पाहा, जुनाच आकडा असेल तर त्याच बिलाची प्रत घेऊन झोन ऑफिस गाठा.