सयाजीरावची आई आणि सयाजीरावची लेक

बडोद्यात ‘सयाजीराव’ आणि ‘घोडा’ हे दोन शब्द जवळजवळ आले की डोळ्यांपुढे सयाजीगंजातला काळा घोडाच उभा राहतो. फ्रान्सिस डर्वेंट वुड या ब्रिटिश शिल्पकाराने घडवलेला महाराजांचा हा अश्वारूढ पुतळा १९०७ सालचा. गंमत म्हणजे पत्ता सांगताना आपण स्वाराचं नाव घेतच नाही, ‘काळ्या घोड्याशी उतर’ म्हणून मोकळे होतो. हा लेख मात्र दुसऱ्याच एका सयाजीरावाचा आहे. तो स्वतःच घोडा होता.

तिसरे सयाजीराव महाराज १९३९ साली गेले आणि त्यांचे नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. त्यांना शर्यतींचा नाद होता, आणि गायकवाडांची तिजोरी पाठीशी असल्यावर नाद बेताचा कसा राहणार! १९४५ साली इंग्लंडात न्यूमार्केटच्या लिलावात त्यांनी वर्षाचं एक शिंगरू २८,००० गिनी मोजून घेतलं. (गिनी म्हणजे पौंडावर एक शिलिंग.) तोवर तिथे वर्षाच्या शिंगराला एवढी बोली कधी लागली नव्हती. त्याला आजोबांचं नाव दिलं. १९४७ साली, इकडे देश स्वतंत्र होत असताना, तिकडे सयाजीराव इंग्लंडच्या डर्बीत, म्हणजे तीन वर्षांच्या घोड्यांच्या मानाच्या शर्यतीत, तिसरा आला, मग आयर्लंडची डर्बी जिंकला, आणि सप्टेंबरात डॉनकॅस्टरला सेंट लेजरची जवळपास तीन किलोमीटरांची शर्यत त्याने जेमतेम डोक्याच्या फरकाने मारली.

घोडा, महाराज आणि किंमत यांची चर्चा पुष्कळ होते. मला जास्त रस आहे तो त्याच्या आईत आणि त्याच्या लेकीत. थरोब्रेड, म्हणजे शर्यतींसाठीच पैदास केलेल्या जातीच्या, घोड्यांच्या जगात नाव बापाचं गाजतं, पण आनुवंशिकतेचा हिशेब मांडायला बसलं की घोडीचा रकाना बराच लांब होतो.

आईचं नाव रोझी लेजंड. जन्म १९३१चा. तिचा बाप डार्क लेजंड १९१७च्या डर्बीत तिसरा आला होता आणि पुढे काही काळ हिंदुस्थानातही धावला होता. रोझी लेजंड स्वतः फ्रान्समध्ये धावली. बरी होती, इतकंच. महायुद्धाच्या धामधुमीत ती यॉर्कशायरच्या सर एरिक ओल्सन यांच्याकडे आली तेव्हा गाभण होती. पोटातलं शिंगरू निअर्कोचं, म्हणजे आयुष्यात एकदाही न हरलेल्या इटालियन घोड्याचं. १९४२ साली ती व्याली. हे शिंगरू वर्षाचं झाल्यावर लिलावाला पाठवलं, पण ३,५०० गिनींची राखीव किंमतसुद्धा आली नाही, आणि मालकाने ते परत आणलं. त्याचं नाव दान्ते. १९४५ची डर्बी त्याने जिंकली. त्यानंतर काही महिन्यांतच त्याचा सख्खा भाऊ, तोच बाप आणि तीच आई, त्याच न्यूमार्केटमध्ये आठपट किमतीला गेला. तोच आपला सयाजीराव.

ही आठपट किंमत नेमकी कशाची होती?

घोड्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३२ जोड्या असतात. अंडपेशी तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र तिच्यात जातं, आणि दोघांपैकी कुठलं जाईल याला काही नियम नाही. नुसत्या एवढ्यानेच एका घोडीत ४२९ कोटींहून जास्त वेगवेगळ्या अंडपेशी संभवतात. तेवढीच शक्यता बापाच्या बाजूने. त्यावर जोडीतली गुणसूत्रं वेगळी होण्याआधी आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात ते निराळंच. त्यामुळे सख्ख्या भावंडांमध्ये सरासरी निम्मा वारसा समान असतो, जास्त नाही. दान्ते आणि सयाजीराव यांत तो फरक दिसतोही. दान्ते दोन वर्षांचा असतानाच चमकला होता. सयाजीराव तिसऱ्या वर्षी खुलला, आणि अंतर वाढेल तसा जास्त खुलला.

तरी बोली लावणारे काही खुळे नव्हते. दान्तेच्या विजयाने एवढं सिद्ध झालं होतं की या जोडीच्या साठ्यात चांगला ऐवज आहे. आडात आहे हे कळलं होतं. पोहऱ्यात किती येईल ते पोहरा वर आल्याशिवाय कळणार नव्हतं. प्रतापसिंहरावांचा पोहरा भरून आला. दर वेळी असं होत नाही. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली हजारो थरोब्रेड घोड्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा घोड्यांच्या आयुष्यभराच्या कमाईत जो फरक पडतो त्यातला सुमारे १० टक्केच जनुकांकडे बोट दाखवून समजावता आला. बाकीचा खुराक, तालीम, जॉकी, आणि कुठल्या शर्यतीत नाव घातलं यांचा. घोडी लावून देण्यासाठी घोड्याचा मालक किती फी घेतो, यावरूनही घोड्याच्या जनुकांची प्रत फारशी कळत नाही, असंही त्यांना आढळलं. लाखो पौंडांच्या या धंद्याला हे फारसं रुचलं नसणार.

‘वड तेवा टेटा, बाप तेवा बेटा’ ही गुजराती म्हण इथे राहून कानावर पडली नाही असा मराठी माणूस विरळा. घोड्यांबाबत ती अर्धवट आहे. केंद्रकातली गुणसूत्रं आईबापांकडून जवळपास सारखी येतात हे खरं, पण आईचं देणं तिथे थांबत नाही.

पहिली गोष्ट मायटोकॉन्ड्रियाची. पेशीतल्या या सूक्ष्म अवयवांत ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार होते, आणि त्यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो, ३७ जनुकांचा. शुक्रपेशीतले मायटोकॉन्ड्रिया फलनानंतर अंडपेशीत नष्ट केले जातात, म्हणून हा डीएनए फक्त आईकडून येतो. शर्यतीचा घोडा म्हणजे ऑक्सिजन जाळण्याची कमाल. उभ्या घोड्याच्या हृदयाचे मिनिटाला ३०-४० ठोके पडतात, भरधाव असताना २२० च्या वर जातात. प्लीहा आकुंचन पावते आणि तिच्यात साठवलेल्या लाल पेशी रक्तात येतात. रक्तातला लाल पेशींचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास असतो, तो ६० च्या पुढे जातो. हा सगळा ऑक्सिजन शेवटी ज्या ठिकाणी खर्च होतो, तिथली काही जनुकं निव्वळ आईची.

दुसरी गोष्ट गर्भाशयाची. यावरचा एक जुना प्रयोग फार सुंदर आहे. केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंड यांनी १९३८ साली तो प्रसिद्ध केला. एकीकडे शायर, म्हणजे गाडे ओढणारा धिप्पाड घोडा. दुसरीकडे शेटलंड, जेमतेम कमरेएवढं तट्टू. कृत्रिम रेतनाने त्यांनी संकर दोन्ही बाजूंनी केला: शायर बाप आणि शेटलंड आई, तसंच शेटलंड बाप आणि शायर आई. दोन्हीकडे जनुकांचं मिश्रण एकाच धर्तीचं. तरी शायर घोडीच्या पोटचं शिंगरू जन्मतः शेटलंडच्या पोटच्या शिंगराच्या जवळपास तिप्पट वजनाचं होतं. छोट्या आईने बापाची उंची पोटात वाढूच दिली नाही. नाहीतर बिचारी विणार कशी?

घोडीची वार गर्भाशयाच्या आतल्या पूर्ण पृष्ठभागाला चिकटून असते आणि पोषण त्या सबंध पृष्ठभागातून झिरपतं. म्हणूनच घोडीला जुळं मानवत नाही. दोघांना जागा वाटून घ्यावी लागते, आणि बहुतेक वेळा दोन्ही हातची जातात. या वारेतून आईची प्रतिपिंडं गर्भाकडे जातही नाहीत. माणसाचं मूल आईची प्रतिकारशक्ती थोडीफार घेऊनच जन्मतं. शिंगरू कोरं येतं. त्याला ती पहिल्या दुधातून, चिकातून मिळते, आणि शिंगराचं आतडं प्रतिपिंडं जशीच्या तशी शोषतं ते फक्त पहिल्या दिवसापुरतंच. त्यामुळे घोडी व्याली की तबेल्यात सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं: शिंगरू तासाभरात उभं राहिलं का, दोन तासांत आचळाला लागलं का, तीन तासांत घोडीची वार पडली का. यातलं काही लांबलं की डॉक्टरांना फोन जातो. लाखमोलाचं रक्त असलं तरी त्या रात्री प्रश्न दूध पोटात गेलं की नाही एवढाच असतो.

असं असूनही वंशावळीत बाप इतके का गाजतात? संख्येमुळे. गाजलेल्या घोड्याकडे एका हंगामात शंभराहून अधिक घोड्या आणल्या जातात. घोडीला वर्षाला एकच शिंगरू, आयुष्यभरात दहा-बारा झाली तरी डोक्यावरून पाणी. आजच्या थरोब्रेड नरांपैकी ९५ टक्क्यांची बापाकडची रेषा एकाच घोड्यापर्यंत, डार्ली अरेबियनपर्यंत जाते, असं २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आयरिश संशोधनात दिसलं. आईकडून मोजलं तर ७२ टक्के घोडे दहा मूळ घोड्यांच्या, म्हणजे दहा माद्यांच्या, वंशात वाटलेले निघाले. याच मायटोकॉन्ड्रियांमुळे एक लबाडीही उघड झाली. इंग्लंडात थरोब्रेडच्या वंशावळीचं पुस्तक १७९१पासून छापलं जातंय, आणि त्यातल्या काही घराण्यांत कागदावर पणजी एक आणि डीएनए भलत्याच घोडीचा, असा प्रकार सापडला. लबाडी म्हटलं खरं. अडीचशे वर्षांपूर्वीच्या तबेल्यातल्या अंधारात ती चूकही असू शकते.

आता लेकीकडे. ग्लॅडनेस १९५३ची, सयाजीराव आणि ब्राइट लेडी यांची मुलगी. आयर्लंडात व्हिन्सेंट ओब्रायन यांनी तिला तयार केलं. मालक जॉन मक्शेन हे फिलाडेल्फियाचे बांधकाम कंत्राटदार, अमेरिकेच्या संरक्षण खात्याची पेंटॅगॉन इमारत बांधणारे. बऱ्याच चांगल्या घोड्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी शर्यतीतून काढून प्रजननाला लावतात. ग्लॅडनेस पाचव्या वर्षी ऐन भरात आली. १९५८ साली जॉकी लेस्टर पिगट वर असताना तिने अॅस्कॉटचा गोल्ड कप जिंकला, म्हणजे सलग चार किलोमीटर. मग गुडवुड कप. मग यॉर्कची इबोर. ही हँडिकॅप शर्यत, जिच्यात चांगल्या घोड्याच्या पाठीवर मुद्दाम जास्त वजन देतात आणि मादी म्हणून सूट मिळत नाही. तिच्या पाठीवर साठ किलोंचं ओझं होतं. पुढच्या वर्षी किंग जॉर्ज शर्यतीत ती अल्साइड नावाच्या घोड्याच्या मागे दुसरी आली.

बापाची तग धरण्याची ताकद लेकीत उतरली, असं पटकन म्हणावंसं वाटतं. स्नायूंच्या वाढीला आळा घालणाऱ्या मायोस्टॅटिन जनुकाचा यात मोठा हात असतो, हे २०१० साली डब्लिनमध्ये दाखवलं गेलं. त्याची एक आवृत्ती दोन्हीकडून मिळाली तर घोडा आखूड पल्ल्याचा, दुसरी दोन्हीकडून मिळाली तर लांब पल्ल्याचा, एकेक मिळाली तर मधला.

पण ग्लॅडनेसच्या वारशातली सगळ्यात मजेची गोष्ट वेगळीच आहे. नराकडे एक्स गुणसूत्र एकच असतं, आणि ते त्याला आईकडून मिळालेलं असतं. जोडीदार वाय असल्याने टोकाचा छोटा भाग सोडला तर त्याची अदलाबदल होत नाही. म्हणजे सयाजीरावला रोझी लेजंडकडून जो एक्स मिळाला, तोच त्याने ग्लॅडनेसला जवळजवळ जसाच्या तसा दिला. बाप निअर्को कितीही थोर असला तरी त्याच्या एक्सला या वाटेत जागाच नव्हती. उलट रोझी लेजंडचे मायटोकॉन्ड्रिया सयाजीरावपाशी संपले. ते ग्लॅडनेसला मिळाले तिच्या स्वतःच्या आईचे. मोठ्या हृदयाचं जनुक एक्सवर असतं आणि ते मुलींमार्फत उतरतं, असं रेसकोर्सवरचे लोक छातीठोकपणे सांगतात. असं एखादं जनुक सापडलेलं नाही. हृदयाचा आकार अनेक जनुकांवर आणि तालमीवर ठरतो.

शर्यती संपल्यावर ग्लॅडनेसची दुसरी नोकरी सुरू झाली, आणि तिथलं वेळापत्रक पहिलीपेक्षा कडक. गर्भ सुमारे ३४० दिवसांचा. उत्तर गोलार्धात सगळ्या थरोब्रेडचा कागदोपत्री वाढदिवस १ जानेवारी, भारतातही तोच. म्हणून शिंगरू जानेवारीनंतर लवकरात लवकर व्हायला हवं. घोडी मात्र माजावर येते दिवस मोठा होऊ लागल्यावर. न्यूमार्केटला हिवाळ्यात दिवस आठ तासांहूनही लहान असतो आणि जूनमध्ये साडेसोळा तासांच्या पुढे जातो. बडोद्यात हाच फरक पावणेअकरा ते साडेतेरा. विषुववृत्ताकडे यावं तसा घोड्यांचा हा हंगाम सैल होत जातो. तिकडे मात्र डिसेंबरपासून तबेल्यात दिवा लावून सोळा तासांचा दिवस केला जातो, म्हणजे घोडीच्या मेंदूला वसंत आला असं वाटतं. कृत्रिम रेतन थरोब्रेडमध्ये चालत नाही, त्यामुळे घोडीला घोड्याच्या गावी न्यावंच लागतं. व्याल्यानंतर आठवड्या-दीड आठवड्यात ती पुन्हा माजावर येते आणि चक्र पुढे सुरू.

मक्शेन यांनी तिची जोडी लावली त्यांच्याच बॅलिमॉसशी. आयरिश डर्बी, सेंट लेजर आणि पॅरिसची आर्क जिंकलेला हा घोडा, ट्रेनरही तेच ओब्रायन. त्यांची मुलगी मेरी मेट १९६६ साली आयरिश ओक्स जिंकली. ही फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची, म्हणजे माद्यांची, अडीच किलोमीटरांच्या आतली शर्यत. मेरी मेटला ग्लॅडनेसकडून जो एक्स मिळाला, तो सयाजीरावमार्फत आलेला आणि ब्राइट लेडीकडून आलेला अशा दोन एक्सच्या तुकड्यांचा. त्यात रोझी लेजंडचा वाटा शून्यापासून सबंध गुणसूत्रापर्यंत कितीही असू शकतो. वंशावळीच्या कागदावर ते दिसत नाही.