पासवर्ड सांगणारं संकेतस्थळ

परवा एका संकेतस्थळाचा पासवर्ड विसरलो. बटण दाबलं, मिनिटभरात ईमेल हजर आणि त्यात माझाच जुना पासवर्ड, जसाच्या तसा. भाचा म्हणाला, "मामा, काय मस्त सर्व्हिस आहे!" मला मात्र घाम फुटला.

जो पासवर्ड परत सांगता येतो, तो त्यांच्याकडे वाचता येईल अशा रूपात पडलेला असतो. २००९ साली रॉकयू कंपनीचे असेच साधे ठेवलेले ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरांच्या हाती लागले होते.

दर वेळी प्रोग्रॅमरचा आळस नडतो असं नाही. रिक्वायरमेंट, म्हणजे सॉफ्टवेअरने काय काय करावं याची यादी, लिहितानाच कुणीतरी ओळ टाकतो: 'पासवर्ड विसरल्यास ग्राहकाला तो ईमेलने कळवावा.' ती मंजूर झाली की पासवर्ड नीट ठेवण्याचा मार्गच बंद.

कारण पासवर्ड नीट ठेवणं म्हणजे तो दळून ठेवणं. हॅश हे एकतर्फी जातं: पिठातून गहू परत मिळत नाहीत. लॉगिन करताना तुम्ही टाकलेलं पुन्हा दळायचं आणि पीठ जुळतं का बघायचं. पण एकाच पासवर्डचं पीठ दर वेळी सारखंच पडतं. म्हणून चोर लाखो प्रचलित शब्द आधीच दळून कोष्टक करून ठेवतो. यावर बेल लॅब्जच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये मांडलेला, युनिक्स या संगणकप्रणालीतला उपाय म्हणजे मीठ, सॉल्ट! दळण्याआधी प्रत्येक पासवर्डात वेगळी यादृच्छिक संख्या मिसळायची. त्यांचं मीठ १२ बिटांचं, म्हणजे एकाच शब्दाची ४,०९६ पिठं आणि चोराचं कोष्टकही तितक्या पट मोठं. आज १२८ बिटांचं मीठ सर्रास वापरतात, तेव्हा कोष्टकाचा नादच सोडावा लागतो. गंमत म्हणजे हे मीठ गुप्त नसतं, पिठाशेजारीच ठेवतात. त्याचं काम लपवणं नाही, तर चोराला प्रत्येक खात्यासाठी नव्याने दळायला लावणं. १९९९ च्या बीक्रिप्ट या हॅशच्या पद्धतीने तर जातंच मुद्दाम जड केलं: कॉस्टचा आकडा एकाने वाढवला की मेहनत दुप्पट. (पासवर्ड '१२३४५६' असेल तर मात्र मीठही वाचवत नाही.)

अशा पारखलेल्या उपायाची अडचण, उत्तर आणि मोजावी लागणारी किंमत एकत्र लिहिली की झाला पॅटर्न. १९९७ मध्ये योडर आणि बार्कलो यांनी सुरक्षेचे असे सात पॅटर्न मांडले. मला त्यातला किंमतीचा रकाना सर्वांत आवडतो. आपल्या पॅटर्नमध्ये तिथे लिहायचं: 'यापुढे पासवर्ड कुणालाच सांगता येणार नाही, आपल्यालाही नाही.' रिक्वायरमेंटमधल्या त्या ईमेलच्या ओळीशी याची थेट टक्कर आहे, आणि ती कागदावर व्हावी. दोन वर्षांनी लाखो खात्यांवर नव्हे.

मी त्या संकेतस्थळाला कळवलं. उत्तर आलं, 'आमच्याकडे लष्करी दर्जाचं एन्क्रिप्शन आहे.' पण एन्क्रिप्शन म्हणजे किल्लीने पुन्हा उघडणारं कुलूप, एकतर्फी जातं नव्हे. दसऱ्याला सर्व्हरला हार घालण्यापेक्षा हे फार वेगळं नाही.

रिक्वायरमेंटमधली ती ओळ खरं तर अशी हवी होती: 'एकदाच चालणारी, थोड्या वेळात बाद होणारी लिंक नोंदवलेल्या पत्त्यावर पाठवावी, पत्ता नोंदलेला असो वा नसो, पडद्यावर उत्तर एकच दिसावं.' शेवटचा तुकडा गाळला, तर कुणाकुणाची खाती आहेत हे चोर नुसतं ते बटण दाबून तपासू शकतो.