कॉम्प ऑफ दिला म्हणजे ओव्हरटाइम फिटला का?

दिवाळीच्या आठवड्यात कपड्यांच्या शोरूममध्ये श्वास घ्यायला फुरसत नसते. "चार दिवस रोज दोन तास जास्त थांबा, नंतर एक कॉम्प ऑफ घ्या," असं मॅनेजर सांगतो आणि सगळे मान डोलावतात. आठ तास दिले, आठ तास मिळाले, फिट्टंफाट! हिशेब मात्र तसा नाही.

महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. आठवड्यात ४८ तासांपुढे काम झालं की तो ओव्हरटाइम (रोजच्या तासांनाही मर्यादा आहे), आणि त्याचे पैसे नेहमीच्या दराच्या दुप्पट. कॉम्प ऑफ म्हणजे बदली सुट्टी. ती हुकलेल्या साप्ताहिक सुट्टीच्या बदल्यात मिळते आणि दोन महिन्यांच्या आत द्यावी लागते. जादा तासांचं देणं तिने फिटत नाही.

समजा सेल्समनचा पगार १८,७२० रुपये आहे आणि ड्यूटी आठवड्यातून सहा दिवस, रोज आठ तास. २६ दिवसांनी भागलं तर दिवसाचे ७२० आणि तासाचे ९० रुपये होतात. ओव्हरटाइमचा दर १८०, म्हणजे जादा आठ तासांचे १,४४०. कॉम्प ऑफ घेतला तर हाती एका दिवसाची, म्हणजे ७२० रुपयांची सुट्टी येते. निम्मे पैसे मालकाकडेच राहिले. हे मला अजिबात पटत नाही, कारण सणाच्या दिवसांत स्वतःच्या घरचं सोडून माणूस काउंटरवर उभा राहिलेला असतो.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आपसांत ठरवलेले आणखी चार सण या पगारी सुट्ट्या आहेत. त्या दिवशी कामावर बोलावलं तर दुप्पट पगारही द्यायचा आणि बदली सुट्टीही. इथे "पैसे हवेत की सुट्टी?" असं विचारणंच चूक.

काही ठिकाणी कॉम्प ऑफ म्हणून घेतलेला दिवस हजेरीत किरकोळ रजा म्हणून लागतो. वर्षाच्या ८ किरकोळ रजा आणि २४० दिवस काम झाल्यावर दर २० दिवसांमागे मिळणारी एक अर्जित रजा हा स्वतंत्र हक्क आहे, त्यातून कॉम्प ऑफ वळता करता येत नाही. पगाराच्या चिठ्ठीवर रजेची शिल्लक दर महिन्याला बघा. जादा थांबायचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आला असेल तर तो पुसू नका.

मोजकेच कामगार असलेल्या छोट्या दुकानांना या तरतुदी लागू होत नाहीत. व्यवस्थापक आणि सुपरवायझरही यातून वगळलेले आहेत, पण अशा पदांची यादी मालकाने वेबसाइटवर, ती नसेल तर आस्थापनेत दर्शनी जागी लावायची असते. तुम्हाला नुसतंच "टीम लीडर" म्हणून ओव्हरटाइम नाकारत असतील, तर आधी ती यादी दाखवायला सांगा.