यकृतातल्या मॅक्रोफेज: मूळच्या कोणत्या, बाहेरून आलेल्या कोणत्या?

रामबाग असो की लोकमान्यनगर, इंदूरच्या मराठी घरात सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर, ग्रेड १' दिसलं की शेव-जिलबी बंद होते. योग्यच आहे. पण चरबी साठण्यापासून यकृत निबर होण्यापर्यंतच्या वाटेवर रोगप्रतिकारक पेशींचं मोठं काम असतं, आणि तिथे एक गल्लत नेहमी होते. 'मॅक्रोफेज (जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) सूज आणतात' असं सरसकट म्हटलं जातं. या पेशी किमान दोन घराण्यांच्या आहेत.

एक कुप्फर पेशी. कार्ल फॉन कुप्फर यांच्या नावावरून त्या ओळखल्या जातात. गर्भावस्थेतच त्या यकृतात येऊन वसतात आणि पुढे स्वतःच विभागून आपली संख्या राखतात. आतड्याकडून येणाऱ्या रक्तातले जंतू आणि जुन्या तांबड्या पेशी गिळणं हे त्यांचं रोजचं काम.

दुसऱ्या अस्थिमज्जेतून येतात, मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींच्या रूपात. चरबीने फुगलेल्या यकृतपेशी मरू लागल्या की सीसीएल-२ हा रासायनिक संदेश सुटतो. त्यामागोमाग मोनोसाइट यकृतात शिरतात, तिथे त्यांच्या मॅक्रोफेज होतात, टीएनएफसारखी दाहक द्रव्यं सोडतात. त्यांच्या संकेतांनी यकृतातल्याच स्टेलेट नावाच्या पेशी जाग्या होऊन कोलाजेन हे तंतुमय प्रथिन विणू लागतात. यकृत निबर होणं, म्हणजे फायब्रोसिस, तो हाच. उंदरांवरच्या प्रयोगांत तर असं दिसलं, की आजार लांबला की कुप्फर पेशी मरतात, नव्या पेशी त्यांची जागा घेतात आणि हळूहळू त्यांच्यासारख्याच दिसू लागतात. गल्लत होते ती इथे.

म्हणून नव्या तेवढ्या वाईट, असंही नाही. पहिली धोक्याची हाक बहुधा कुप्फर पेशीच देतात, आणि नव्यांपैकी ट्रेम-२ हे प्रथिन बाळगणाऱ्या काही पेशी मेलेल्या पेशींचा कचरा उपसतात. मोनोसाइटची वाट अडवणाऱ्या सेनिक्रिव्हिरॉक या औषधाची मोठी चाचणी २०२१ मध्ये थांबवावी लागली, कारण फायब्रोसिसवर गुण दिसला नाही.

सोनोग्राफीतला ग्रेड फक्त चरबीचा असतो, या पेशींचा त्यात मागमूस नसतो. म्हणून डॉक्टरांना फिब-४ बद्दल जरूर विचारा. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून तो आकडा काढतात; गरज पडल्यास पुढे यकृताचा निबरपणा मोजणारी फायब्रोस्कॅन तपासणी. वजन जास्त असेल, तर ते ७ ते १० टक्के उतरवल्यावर चरबीबरोबर सूजही कमी होते, आणि १० टक्क्यांच्या आसपास पोहोचलेल्या अनेकांत फायब्रोसिसही मागे हटतो.