सरपंचपदाची चिठ्ठी आणि चहाचे आठ कप

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत तहसील कार्यालयात निघाली की त्या संध्याकाळी व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर तोच तो विनोद फिरतो: बाई खुर्चीत, कारभार नवऱ्याकडे. मंडणगडपासून दोडामार्गापर्यंत 'सरपंचपती' हे जणू घटनेनंच निर्माण केलेलं पद आहे. विनोदात तथ्य आहे, नाही असं नाही. पण त्यावरून 'आरक्षणानं काहीच बदलत नाही' असं ठरवून मोकळं होणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी. बरणीतून चिठ्ठी उचलणारं ते शाळकरी पोर नकळत एका शास्त्रीय प्रयोगाची मांडणी करत असतं.

कशी, ते भातशेतीतून बघू. दापोलीच्या कृषी विद्यापीठात किंवा रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या केंद्रात भाताच्या नव्या वाणाची चाचणी होते, तेव्हा कुठलं वाण कुठल्या वाफ्यात लावायचं हे संशोधकाच्या मर्जीवर ठेवत नाहीत. नव्या वाणावर त्याचा जीव असतो. तो त्याला मळ्यातली ओल धरणारी जागा देईल आणि जुन्याला वरकस. मग पीक वाढलं ते वाणामुळे की जमिनीमुळे, कोण सांगणार? म्हणून चिठ्ठी. चिठ्ठीला जमिनीचा कस कळत नाही, निचरा कळत नाही, कुणाची ओळखही नसते. त्यामुळे माहीत असलेले फरक तर दोन्हीकडे सरासरीनं सारखे वाटले जातातच, पण ज्यांची यादी संशोधकालाही करता येणार नाही असे फरकही वाटले जातात. विसाव्या शतकातली सगळ्यात देखणी युक्ती मला हीच वाटते.

ती रुजवली संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी, इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात, १९२०च्या दशकात. तिथेच म्युरिएल ब्रिस्टल या शैवालशास्त्रज्ञ होत्या. कपात आधी दूध ओतलंय की आधी चहा, हे आपल्याला चवीवरून कळतं असं त्यांचं म्हणणं. फिशर यांनी १९३५च्या पुस्तकात यावर प्रयोग रचला. आठ कप, चारांत आधी दूध, चारांत आधी चहा, कप द्यायचा क्रम यादृच्छिक. बाईंनी 'आधी दूध' वाले चार ओळखायचे. आठांतून चार निवडायचे प्रकार किती? ८×७×६×५ भागिले ४×३×२×१, म्हणजे ७०. निव्वळ अंदाजानं चारही बरोबर येण्याची शक्यता ७०त १. आणि तीनच बरोबर आले तर? बरोबरच्या चारांतून तीन निवडायचे ४ प्रकार, चुकीच्या चारांतून एक निवडायचे ४, गुणाकार १६. तेव्हा तीन किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता ७०त १७, जवळजवळ चारांत एक. म्हणून तिनावर टाळ्या वाजवायच्या नाहीत. आणि हे ७० प्रकार सारख्याच शक्यतेचे धरता येतात, ते केवळ क्रम कुणाच्या हातात ठेवला नाही म्हणून.

माझा जुना राग असा की त्या पुस्तकात ब्रिस्टल यांचं नाव नाही, नुसती 'एक बाई' आहे. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यांना चहाची शौकीन गृहिणी समजून पास झाल्या. शैवालाची एक प्रजाती, 'म्युरिएल्ला', त्यांच्या नावानं ओळखली जाते हे किती जणांना ठाऊक असेल?

आता गावाकडे. खुल्या निवडणुकीत ज्या गावानं आपणहून बाई निवडली ते गाव आधीपासूनच वेगळं असू शकतं: जास्त शिकलेलं, किंवा पुरुष चाकरमानी होऊन मुंबईला गेलेले. अशा गावात नळ आला तर तो बाईंमुळे आला म्हणणं म्हणजे मळ्यातल्या भाताचं कौतुक. १९९३पासून लागू झालेली ७३वी घटनादुरुस्ती मात्र किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांना देते (महाराष्ट्रात २०११पासून निम्म्या), आणि सरपंचपद कुठल्या गावात राखीव, हे फिरत्या क्रमानं किंवा चिठ्ठीनं ठरतं. गावाची इच्छा त्यात येत नाही. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो यांनी नेमकं हेच हेरलं. पश्चिम बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानातला उदयपूर हे दोन जिल्हे, मिळून २६५ पंचायती त्यांनी तपासल्या, निबंध २००४चा. नवरेच कारभार करत असते तर राखीव आणि बिनराखीव गावांचा खर्च सारखाच दिसायला हवा होता. तसा तो दिसला नाही. दोन्ही जिल्ह्यांत राखीव गावांमध्ये पिण्याच्या पाण्याची कामं जास्त झाली होती. तीन हजार मिलिमीटर पाऊस पिऊनही जांभ्यामुळे मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या कोकणातल्या वाड्यांना यातलं मर्म वेगळं सांगायला नको. 'बाई आली की सगळंच सुधारतं' हा प्रचारही खरा नाही. राजस्थानात राखीव गावांतले रस्ते उलट मागे पडले.

पुढच्या एका अभ्यासात बंगालमधल्या गावकऱ्यांना एकच भाषण पुरुषाच्या आणि बाईच्या आवाजात ऐकवलं. जिथे कधी बाई प्रमुख नव्हती तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी गुण दिले. जिथे आरक्षण होऊन गेलं होतं तिथे ही तफावत उरली नाही. गंमत म्हणजे 'नेता पुरुषच बरा' ही आवड मात्र बदलली नव्हती. २०१२चा निष्कर्ष त्याहून मोठा: दोन निवडणुका पद राखीव राहिलेल्या गावांत किशोरवयीन मुलामुलींच्या शिक्षणातली दरी मिटलेली आढळली, आणि मुलींचा घरकामातला वेळही घटला होता.

कुणी म्हणेल, यात नवीन काय, आपल्याकडे देवाला कौल लावतातच. फरक असा की कौल मनासारखा आला नाही तर पुन्हा लावतात. कौल पुन्हा पुन्हा लावता येत असेल, तर त्यातून फक्त विचारणाऱ्याचं मन कळतं.

प्राध्यापक, प्राचार्य, कुलगुरू अशी पदं चिठ्ठीनं भरली जात नाहीत, म्हणून तिथल्या बायकांबद्दल असं स्वच्छ उत्तर मिळवणं फार अवघड. पण सरपंचपदाबद्दल आपल्या कोकणातच ते मिळवता येईल. जुन्या सोडतींच्या याद्या आणि ग्रामसभांच्या ठरावांच्या वह्या संख्याशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थिनीनं तालुक्याला धरून जुळवाव्यात: नळयोजना, पाखाड्या, अंगणवाडी कुठल्या मुदतीत झाली. फक्त मागच्या वेळी राखीव असलेली गावं पुढच्या सोडतीतून वगळतात, तेवढी दुरुस्ती हिशेबात घालायला विसरू नये.