डार्टमूरचा तंबू कोर्टात कसा गेला

इंग्लंडच्या डोंगरात चालण्यासाठीचा झगडा शंभर वर्षांहून जुना आहे. लोकांना डोंगरात मोकळं फिरू देणारं, स्कॉटलंडसाठीचं १८८४ चं विधेयक बारगळलं. एप्रिल १९३२ मध्ये मँचेस्टरकडचे कामगार तरुण किंडर स्काउट या खासगी मालकीच्या डोंगरावर मुद्दाम घुसले, राखणदारांशी झटापट झाली, पाच जण तुरुंगात गेले. राष्ट्रीय उद्यानांचा १९४९ चा कायदा, १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे पहिलं उद्यान, १९६५ मध्ये पेनाइन वे ही लांब पल्ल्याची पायवाट हे पुढचे टप्पे भटक्यांना ठाऊक असतात.

ताडोब्यासारखं फाटक, तिकीट, जिप्सी तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत नाही. उद्यानात गावं नांदतात, मेंढ्या चरतात, आणि जमीन बहुतांशी खासगी. भांडणाचं मूळ तेच.

डार्टमूर हे इंग्लंडच्या नैऋत्येचं असंच एक उद्यान. तिथल्या सामायिक माळांवर (मालकी खासगी, चराई गावकऱ्यांची) १९८५ च्या कायद्याने 'पायी वा घोड्यावरून, मोकळ्या हवेतल्या करमणुकीसाठी' जायचा हक्क दिला. तंबूचा उल्लेख नव्हता, पण पाठीवर सामान घेऊन येणारे लोक पुढची जवळजवळ चाळीस वर्षं बिनदिक्कत मुक्काम करत होते. रस्त्यापासून १०० मीटरच्या आत नको, शेताच्या बांधाआड नको, एवढी पथ्यं पाळली की झालं. मग एका मोठ्या जमीनमालकाने दावा लावला आणि जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ठरवलं की परवानगीशिवाय मुक्कामाचा हक्कच नाही. हजारो लोक निषेधाला माळावर चालत गेले. उद्यानाच्या कारभाऱ्यांनी मात्र घाईने मालकांशी करार केले आणि काही पट्ट्यांत मुक्कामाच्या मुभेसाठी त्यांना पैसे देऊ केले. म्हणजे कालपर्यंत जे हक्काचं होतं, ते मेहेरबानीचं झालं, तेही सार्वजनिक पैशातून!

त्याच वर्षी जुलैमध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं, कायद्यात करमणूक म्हणजे फक्त चालणं आणि घोडेस्वारी. मे २०२५ मध्ये न्यायालयाने हे एकमताने फेटाळलं: पायी वा घोड्यावरून हे कसं यायचं त्याबद्दल आहे, आल्यावर काय करायचं ते त्याने बांधलेलं नाही. दिवसभर चालणारा माणूस रात्री कुठेतरी आडवा होणारच, हे कळायला इतकी कोर्टं लागली.

हा निकाल डार्टमूरपुरताच आहे. स्कॉटलंडने २००३ च्या कायद्यात मुक्कामाचाही हक्क धरला; इंग्लंडच्या २००० च्या कायद्याने डोंगरमाळ पायी चालणाऱ्यांना खुले केले, पण तंबू स्पष्टपणे वगळला. लेक डिस्ट्रिक्ट या इंग्लंडच्या डोंगराळ उद्यानात आजही मालकाची परवानगी लागते. डोंगर चढताना लागणाऱ्या शेवटच्या दगडी बांधाच्या वर, अंधार पडता येऊन उजाडता निघून जाणाऱ्यांकडे मात्र सहसा कानाडोळा होतो.