इंग्रजी शब्दांच्या कार्डांचा बॉक्स कसा वापरायचा

आमचा बॉक्स घेतलात, थँक्यू! आता एकच विनंती, सगळी कार्डं एका रात्रीत संपवायला जाऊ नका. बरेच जण तेच करतात आणि मग चार दिवसांनी म्हणतात की डोक्यात काहीच राहिलं नाही, आता त्यात तुमची काही चूक नाही, एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्येच दाखवलंय की पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर उडतं आणि नंतर उडायचा वेग कमी होत जातो. म्हणून बॉक्सला पाच कप्पे दिलेत. शब्द आठवला की कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आठवला की सरळ पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, असं अंतर वाढवत न्यायचं.

कार्डावर नुसता मराठी अर्थ का नाही, असं खूप जण विचारतात. तर 'नोटोरियस' म्हणजे प्रसिद्ध एवढंच घोकलं की माणूस 'नोटोरियस सायंटिस्ट' लिहून मोकळा होतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं ह्या बाबाने काय गुन्हा केला, कारण तो शब्द कुप्रसिद्ध माणसासाठी वापरतात! शब्द कोणासोबत उठतो-बसतो ते कळायला हवं. आपल्याकडे पाऊसही जोराचा आणि वाराही जोराचा, इंग्रजीत मात्र रेन 'हेवी' आणि विंड 'स्ट्राँग'. म्हणून प्रत्येक कार्डावर पूर्ण वाक्य आहे, ते मोठ्याने वाचा.

निळ्या कार्डांवर शब्दांची मुळं आहेत, म्हणजे शब्द ज्यातून बनला तो जुना तुकडा. 'स्पेक्ट' म्हणजे लॅटिनमध्ये बघणं, त्यातून इन्स्पेक्ट, स्पेक्टेटर, रेट्रोस्पेक्ट. पण मुळावर डोळे झाकून विसंबू नका हं, 'मेटिक्युलस'च्या मुळाशी भीती आहे, आज अर्थ होतो काटेकोर.

आणि जड शब्द म्हणजे भारी इंग्रजी, हे डोक्यातून काढा. 'आस्क' हा इंग्रजीचा जुना, घरचाच शब्द, 'क्वेश्चन' फ्रेंचमधून आला, 'इंटरॉगेट' लॅटिनमधून, तिन्हीचा अर्थ विचारणं, पण मित्राला 'इंटरॉगेट' केलं म्हणालात तर ती पोलीस चौकशी झाली.

शेवटी काही कोरी कार्डं आहेत, आमच्या मते बॉक्समधली सगळ्यात कामाची तीच. वाचताना अडलेला शब्द त्यावर उतरवा, जिथे भेटला त्या वाक्यासकट, आणि खाली स्वतःचं एक वाक्य, चुकलं तरी चालेल, पेन्सिलने लिहा म्हणजे खोडता येतं.